पाच रुपयांचा केसपेपर

मी रसायनीला राहते असे सांगितले की पुण्यामुंबईच्या मंडळींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटते. हे गावाचे नाव, की औषधाच्या दुकानाचे? माझ्या एका आतेबहिणीने तर लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात, "तुमच्या प्रयोगशाळेत सगळे कुशल ना?" अशी चौकशी केली होती. तिचा तरी काय दोष? मोहोपाडा, रीस, वाशिवली, चांभार्ली, नदीपलीकडचे गुळसुंदे ही इथली मूळची गावे. पाताळगंगेच्या काठी रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ हे नाव आले. नदीला पाणी बारमाही, पण तेही तिचे स्वतःचे नव्हे. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात 1915 सालापासून टाटांसाठी वीज करते आणि काम उरकले की पाताळगंगेत येऊन पडते. त्या उरल्या पाण्यावर आमचा सारा संसार. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 साली निघाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला, पुढे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा आला, आणि मग हळूहळू नदीकाठाला चिमण्यांची रांगच लागली.

मी लग्न होऊन इथे आले 1974 साली. आमचे हे एका कारखान्यात केमिस्ट होते. वसाहतीत घर, घरात नळ, कोपऱ्यावर कंपनीचा दवाखाना. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा घर पाहून काही बोलल्या नाहीत, पण दवाखाना पाहून म्हणाल्या, "पडसं झालं तरी डॉक्टर! राजाच्या घरी पडलीस गं." पडसे झाले की मी खरोखरच डॉक्टरांकडे जात असे. फुकट होते ना!

फाटकाबाहेर मात्र वेगळे राज्य. डोंगराच्या कुशीत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. तिथून एखादी बाई तापाने फणफणलेले पोर पाठीशी बांधून वसाहतीच्या फाटकाशी येई आणि पहारेकरी तिला सांगे, "हा कामगारांचा दवाखाना आहे, बाई. पनवेलला जा." त्याचेही बरोबर होते, नियम तसाच होता. ती खाली मान घालून परत फिरे. पनवेलला जात असे की नाही, हे आम्ही कधी कुणी विचारले नाही.

आमच्या महिला मंडळाने दवाखाना काढला तो या फाटकामुळे. वर्ष 1982. हळदीकुंकवाला वाण लुटायचे ते पैसे वाचवले, दिवाळीत चकल्या आणि अनारसे विकले, मोहोपाड्याच्या बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पनवेलचे एक वयस्क डॉक्टर आठवड्यातून तीन संध्याकाळी एस.टी.ने येऊ लागले. कंपाउंडर म्हणून मिळाले ते काका. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला तेव्हा 1948 च्या कायद्याने ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागे. काका दिवसा अशाच एका खोलीत नोकरीला होते आणि संध्याकाळी आमच्याकडे येत. उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि बोलणे असे की औषधाच्या पुडीसारखे मोजून. केसपेपर सुरुवातीला एक रुपयाचा होता, मग दोनचा, शेवटी पाचचा झाला. त्यात तपासणी आणि तीन दिवसांचे औषध.

त्या दिवसांविषयी लिहायला बसले तर दिवाळी अंकाची सगळी पाने मलाच लागतील. खोकल्याचे लाल औषध काका मोठ्या बरणीत बनवीत आणि लोक घरून बाटली आणीत. बाटल्याही किती तऱ्हेच्या! रॉकेलच्या, सरबताच्या, आणि नको त्या द्रव्याच्यासुद्धा. एकदा एका आजोबांच्या बाटलीचा नुसता वास घेऊन डॉक्टर म्हणाले होते, "आजोबा, तुमचं निदान झालं." पावसाळ्यात रांग ओट्यावरून रस्त्यापर्यंत जाई. मी खजिनदार होते. रात्री पाच-पाच रुपयांची नाणी मोजताना वाटे, आपण केवढे मोठे काम करतो आहोत! आज सांगायला हरकत नाही, आम्ही रांगेच्या लांबीवरून आमचे पुण्य मोजत होतो.

मग ती रांग आखडू लागली. एकदम नव्हे. दृष्ट लागल्यासारखे काही झाले नाही, जग बदलले एवढेच. पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात मोठे खाजगी कारखाने आले. महामार्गावर लोधिवलीला धीरूभाई अंबानी रुग्णालय झाले. 2002 पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पनवेल जणू अंगणात आले. दांड फाट्यापासून बाजारापर्यंत एकामागून एक पाट्या लागल्या. कुणी हाडांचा, कुणी बायकांचा, कुणी नुसता दातांचा. कुठे काचेचे दार, आत गार हवा, आणि औषध लिहून देण्याआधी चार तपासण्या. लोकांना तपासणी आवडते. पाच रुपयांत नाडी पाहणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरपेक्षा पाचशे रुपयांत रक्त काढून घेणारा तरुण डॉक्टर अधिक हुशार वाटतो, हे मी पैजेवर सांगते, कारण मलाही तसेच वाटले होते.

दुसऱ्या बाजूने सरकार आले. गावोगाव आरोग्यासाठी 2005 साली राष्ट्रीय अभियान निघाले आणि त्याबरोबर आशा आल्या. गावातलीच सून, गावातच घरोघर फिरणारी, कामागणिक मोबदला घेणारी. 2012 च्या जुलैत राज्याची जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत आमचा रायगड होता. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया बिनपैशाने होऊ लागल्या. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. 2014 मध्ये 108 क्रमांकाच्या गाड्या धावू लागल्या. म्हणजे वरून महागडी स्पर्धा, खालून फुकटची. मधे आम्ही, पाच रुपयांच्या केसपेपरसह.

घाव बसला तो 2017 साली. हिंदुस्तान ऑरगॅनिकचा इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय त्या वर्षी मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. कोचीचा कारखाना राहिला, आमचा गेला. जमीन पुढे भारत पेट्रोलियमकडे गेली. ज्या वसाहतीत संध्याकाळी सायकलींच्या घंटा ऐकू येत, तिथल्या खिडक्या एकेक करून अंधारल्या. कारखाना म्हणजे आम्हाला नुसते रोगी नव्हते. आमच्या वर्गणीदार तिथल्या, चकल्या तळणाऱ्या तिथल्या, शनिवारी पट्ट्या गुंडाळायला येणाऱ्या तिथल्या. निम्मे मंडळ पुण्याला, नाशिकला, लेकासुनांकडे गेले. निरोपाच्या साड्या देऊन देऊन माझ्या खजिन्यात खडखडाट झाला.

आणि मग 2018 च्या दिवाळीआधी आमची ती बैठक झाली.

बैठकीत मी एक टिपण वाचून दाखवले. ते अजून माझ्या कपाटात आहे आणि हाताला लागले की मी ते उलटे करून ठेवते. त्यात लिहिले होते की काळाबरोबर बदलले पाहिजे. भिंतींना नवा रंग द्यावा, पाटीवर 'दवाखाना' ऐवजी 'क्लिनिक' लिहावे, हृदयाचा आलेख काढायचे यंत्र घ्यावे आणि केसपेपर पन्नास रुपयांचा करावा. टाळ्या पडल्या. यंत्र कुठले घ्यावे यावर दीड तास चर्चा झाली. आमच्यापैकी एकीलाही त्यातले काही कळत नव्हते, त्यामुळे चर्चा फार रंगली.

काका कोपऱ्यात बसले होते. मधेच म्हणाले, "ती वाडीवरची बाई पुन्हा आली नाही."

"कुठली बाई, काका?"

"खोकल्याची. दोनदा औषध नेलं. तिसऱ्यांदा या म्हटलं होतं, थुंकी तपासायला पाठवायची होती. महिना झाला."

मी म्हणाले, "काका, आपण यंत्राविषयी बोलतोय ना? न आलेल्यांचं काय घेऊन बसलात! बरी झाली असेल."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. आणखी काही बोलले नाहीत.

त्या बाईची वाडी कातकऱ्यांची. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीचा मालक उचल देतो, आणि दिवाळी झाली की ती फेडायला सारे कुटुंब भट्टीवर जाते. कुणी पनवेल-पेणकडे, कुणी पार भिवंडीकडे, कुणी कोळसा पाडायला दूरच्या रानात. वाडीत म्हातारीकोतारी आणि कुत्री राहतात. अक्षय तृतीयेच्या आगेमागे माणसे परततात. इतकी वर्षे दर हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात वाडीवरची गर्दी ओसरे, आणि आम्ही समजत असू की थंडीत यांची प्रकृती चांगली राहते!

ती परतली 2019 च्या मे महिन्यात. झोळीत घालून खाली आणली. काकांनी मला बोलावून घेतले म्हणून मी पाहिली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, पण मनगट माझ्या दोन बोटांत मावले असते. चौकच्या ग्रामीण रुग्णालयात नेली. क्षय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असला की थुंकी तपासावी, हा क्षयाच्या कार्यक्रमाचा अगदी पहिला धडा. तो काकांना ठाऊक होता, डॉक्टरांना ठाऊक होता, पण तो धडा तिच्यापर्यंत चालत नेणारे पाय आमच्याकडे नव्हते. आम्ही तिला दोनदा लाल औषध दिले होते. पाच आणि पाच, दहा रुपये घेऊन.

ती वाचली. रोजच्या गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारकडून सगळे मोफत, शिवाय पोषणासाठी महिना पाचशे रुपये बँकेत. फक्त बँकेचे खाते काढायला आमचे तीन आठवडे गेले. तिच्या चार वर्षांच्या मुलाला आजार होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पण डाव्या फुप्फुसाचे व्हायचे ते नुकसान झाले होते. वाडीची चढण चढताना आजही ती तीनदा बसते. एकदा मी तिच्याजवळ बसले आणि काहीतरी माफीसारखे पुटपुटले. ती हसून म्हणाली, "तुम्ही दिलं होतं की औषध. गोड होतं."

यंत्र आम्ही घेतले नाही. त्यासाठी जमवलेल्या पैशांचे काय करायचे यावर पुन्हा बैठक झाली. या वेळी मी टिपण वाचले नाही, काकांची वही वाचली. तिला वही म्हणणेही धाडसाचे आहे. जुन्या कॅलेंडरांची पाने शिवून केलेली, आणि तीत फक्त न आलेल्यांची नावे. 'रक्तदाब, गोळ्या संपून पंधरा दिवस.' 'साखर, पायाला जखम, आली नाही.' कितीतरी वर्षांची. आमच्या वार्षिक अहवालात आलेल्यांची संख्या ठळक छापली जाई. न आलेल्यांची मोजदाद हा एक माणूस एकटा करत होता आणि कुणी विचारील म्हणून वाट पाहत होता.

आता हे काही आम्ही नव्याने शोधले नाही. जामखेडला 1970 साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम मांडले तेव्हा त्यांनी गावच्या बायकांनाच, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याच्या कामाला शिकवून तयार केले. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इतके लांब तरी कशाला जा? आमच्याच जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणवत होता त्या दिवसांत, मुंबईचे नामांकित शल्यविशारद डॉक्टर नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याला असाच प्रयोग केला होता. गावच्या बायका साध्या शिकवणीवर किती काम करू शकतात हे तिथे दिसले. आणि ते दिसल्यावर गावच्या पुढाऱ्यांना आणि यंत्रणेला ते रुचले नाही, हेही तिथे दिसले. प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणजे माझ्या घरापासून दिवसभरात जाऊन येण्यासारख्या अंतरावर हे घडून गेले होते, आणि मी यंत्राच्या किमती काढत होते!

तेव्हा काय केले, तर तपासणी जवळजवळ सोडली. तापखोकल्याला आता प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून तर सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. तिथे आम्ही कुणाशी आणि कशासाठी स्पर्धा करायची? डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. उरलेले दिवस दोन मुली आणि आम्ही तीन-चार म्हाताऱ्या पाठपुरावा करतो. हा शब्द मला आवडत नाही, कचेरीतला वाटतो. पण "का आला नाहीत?" असे विचारत फिरण्याला दुसरा शब्द मिळाला नाही.

पहिले भांडण आशांशी झाले. त्यांना वाटले, आमच्या कामावर या बायका नाव लावणार. आम्हाला वाटले, काल आलेल्या पोरी आम्हाला शिकवणार. सहा महिने एकमेकींकडे पाहून पदर सावरणे चालले होते. शेवटी एका आशाताईनेच वाट काढली. म्हणाली, "मावशी, तुम्ही भट्ट्या बघा, मी वाडी बघते. भट्टी माझ्या हद्दीत येत नाही." हद्द! सरकारी कागदावर माणूस गावात राहतो, आणि आमचा रोगी अर्धे वर्ष हद्दीबाहेर असतो. आम्हाला काम सापडले ते तिथे. कुठले कुटुंब कुठल्या भट्टीवर गेले, तिथल्या मुकादमाचा फोन कोणता, तिथून जवळचे सरकारी केंद्र कोणते, गोळ्या किती उरल्या. 2020 च्या मार्चमध्ये सगळे ठप्प झाले तेव्हा ही यादी आमच्याजवळ होती, आणि कोण कुठे अडकले आहे हे विचारायला तालुक्याची माणसे आमच्या ओट्यावर आली. त्या दिवशी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

बाकीचे काम कागदांचे. ते रटाळ आहे, त्यात कुणाला धन्यवाद मिळत नाहीत. कारखान्यांत आता कायमचे कामगार कमी आणि ठेकेदाराचे जास्त. त्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात, पण आपण विमेदार आहोत हेच पुष्कळांना ठाऊक नसते. एक पोरगा बायकोच्या बाळंतपणासाठी सावकाराकडे निघाला होता आणि विम्याचा क्रमांक त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेला होता. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून आहे. खाटा असतात, पण तिथपर्यंत जायला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि दाखल्याला लागते धीट माणूस. धीटपणा हा एकच गुण माझ्यात वयाबरोबर वाढला आहे. खिडकीपलीकडच्या कारकुनाला मी सांगते, "मला घाई नाही, मी डबा आणलाय." मग काम लवकर होते.

सगळे गोड झाले असे नाही. वर्गणी आटली. पूर्वी देणगीदाराला रांग दाखवता येत होती, आता काय दाखवू? न आलेला आणि आम्ही आणलेला माणूस फोटोत कसा दिसतो? एक जुन्या वर्गणीदार बाई परवा म्हणाल्या, "तुमचा दवाखाना बंद पडला म्हणे." मी हो म्हटले. समजावत बसले नाही. काका गेल्या वर्षापासून घरीच असतात, डोळ्यांनी अधू झाले आहेत. पण नावे पाठ आहेत. गेले की विचारतात, "तो साखरेचा आला का?"

आता दिवाळी तोंडावर आली आहे. बाजारात कंदील लागलेत आणि ट्रक वाड्यांच्या वाटांवर येऊन उभे राहू लागले आहेत. काल ती आली, डाव्या फुप्फुसाची. ती आता भट्टीवर जात नाही, वाडीतली माणसे मोजते. ओट्यावर बसून दम खाल्ला, पाणी प्यायली आणि सांगू लागली. पेणच्या बाजूला चार घरं. भिवंडीला तीन, त्यात एक गरवार, सातवा महिना. तिचा दीर कोळशावर, त्याला खोकला आहे, पण तो लपवतो.

"किती दिवसांचा खोकला?"

"नवरात्रापासनं."

मी बोटांवर दिवस मोजले. ट्रक कधी निघणार आहे ते विचारले. ती म्हणाली, उद्या पहाटे. मग आम्ही दोघी उठलो. रिक्षा वाडीच्या पायथ्यापर्यंत जाते, पुढची चढण दोघींनाही तीनदा बसून चढावी लागली.